सगळ्यात लहान दिवस होऊन गेला, मग थंडी अजून वाढतेय कशी? निफाडच्या बागेतून उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला नोकरी करणाऱ्या एका दादांनी पिंपळगावजवळची वडिलांची द्राक्षबाग यंदा पहिल्यांदा स्वतः बघायला घेतलीय. ते म्हणतात, २१ डिसेंबर गेला, दिवस मोठा व्हायला लागला, म्हणजे आता थंडी उतरायला हवी ना, मग घरातली आजी "संक्रांत होईस्तोवर बागेवरची नजर काढू नको" असं का म्हणते? उत्तरायण नक्की कधी, २१ डिसेंबरला की १४ जानेवारीला? आणि जाता जाता, पौषातल्या एकादशीला त्र्यंबकला पायी जावं का?

दादा, आजींचं ऐका. मी निफाड तालुक्यात लग्न होऊन आले तेव्हापासून द्राक्षबाग बघते, थंडीच्या दिवसांत रोजचा पारा वहीत लिहिते, आणि बहुतेक वर्षी बागेची खरी कसोटी लागते ती डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून पुढे, लहान दिवस होऊन गेल्यावर. का ते सांगते.

२१ किंवा २२ डिसेंबरला आपल्याकडे, म्हणजे साधारण २० अंश अक्षांशावर, दिवस १० तास ५५ मिनिटांच्या आसपास असतो आणि रात्र १३ तासांच्या वर. आता संक्रांतीचा दिवस घ्या, तो जेमतेम सात-आठ मिनिटांनी मोठा झालेला असतो, बस्स. तीन आठवडे उलटले तरी रात्र अजून १३ तासांच्या जवळपासच. जमीन दिवसभर ऊन खाऊन जी ऊब कमावते त्यापेक्षा जास्त ती ह्या लांब रात्रीत आभाळात सोडून देते, आणि घरात कमाईपेक्षा खर्च जास्त असेल तर खर्चाला थोडी कात्री लागली म्हणून शिल्लक लगेच वाढत नाही, ती घटतच जाते, कमाई खर्चाच्या वर जाईपर्यंत. जमिनीचं अगदी तसंच आहे. म्हणून दिवस वाढायला लागतो आधी आणि ऊब वाढायला लागते नंतर, मधले हे तीन-चार आठवडे सगळ्यात गार. आणि हो, सूर्य लांब गेलाय म्हणून थंडी असं कोणी सांगितलं तर ते सोडून द्या, ३-४ जानेवारीच्या सुमाराला पृथ्वी वर्षभरात सूर्याच्या सगळ्यात जवळ असते. थंडी येते ती ऊन तिरपं पडतं आणि थोडा वेळ पडतं म्हणून.

आता पहाटेचं बघा, कारण बागेचं जे काही बिघडतं ते पहाटे बिघडतं. लोकांना वाटतं २१ डिसेंबरला सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो आणि सगळ्यात लवकर मावळतो. तसं नाहीये. नाशिकला सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटी, पाच चोपन्नच्या आसपास, २१ डिसेंबरला तो सहा वाजेपर्यंत आलेला असतो. आणि उगवायला सगळ्यात उशीर होतो तो जानेवारीच्या मध्याला! २१ डिसेंबरला सात-पाच, संक्रांतीला सात-तेरा. पृथ्वीचा आस कललेला आणि तिची वाट लंबगोल, त्यामुळे ह्या दिवसांत सूर्य डोक्यावर यायची वेळ आपल्या घड्याळात रोज थोडी थोडी पुढे सरकते, म्हणून संध्याकाळ मोठी होत जाते पण सकाळ काही लवकर होत नाही. पारा सगळ्यात खाली असतो तो सूर्य उगवायच्या वेळेला, कधी उगवल्यानंतर दहा-पंधरा मिनिटं सुद्धा, म्हणजे संक्रांतीच्या आठवड्यात बागेला घड्याळानुसार सव्वासात-साडेसातपर्यंत गारठा सोसावा लागतो. आजींनी हे गणित केलेलं नसेल पण आयुष्यभर त्या पहाटे उठल्यात, त्यांना ते माहीत आहे.

आता निफाडच का? दरवर्षी पेपरात येतं, निफाडला पारा इतका खाली, नाशिकला तितका. निफाडचा तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं केंद्र आहे ते. थंडी येते कशी, तर उत्तरेकडे पश्चिमी झंझावात येऊन हिमालयात बर्फ पाडून पुढे सरकतो, मग मागून कोरडी गार हवा उत्तरेकडून खाली उतरते आणि तिला आपल्याकडे पोहोचायला दोन-तीन दिवस लागतात. तिकडे जोरदार बर्फ पडल्याची बातमी आली की मी बागेतली तयारी सुरू करते. पण नुसत्या वाऱ्याने पारा दोन-तीन अंशापर्यंत जात नाही, त्याला आभाळ निरभ्र लागतं, हवा कोरडी लागते आणि रात्री वारा पूर्ण पडावा लागतो. मग जमिनीलगतची हवा गार होते, गार हवा जड, ती उतारावरून घसरत सखल भागात साचते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. निफाड गोदावरी-कादवेच्या खोलगट पट्ट्यात, आजूबाजूला उघडी शेतं, नाशिकसारखं दिवसभर तापून रात्री ऊब सोडणारं काँक्रीट नाही. तुमच्या स्वतःच्या वावरात सुद्धा हे दिसेल, ओढ्याकडचा सखल कोपरा आणि घराजवळचा उंचवटा ह्यांच्यात दोन अंशाचा फरक सहज पडतो.

म्हणून पेपरातला किंवा मोबाईलवरचा आकडा बघून बागेचं ठरवू नका. एक साधा कमाल-किमान तापमापक घ्या आणि सखल कोपऱ्यात घडांच्या उंचीला लावा, ऊन थेट लागणार नाही असा. जमिनीलगत गवतावर तर आणखी दोन-तीन अंश कमी असतात, केंद्रात पारा शून्याच्या वर असून गवतावर, पाचटावर दव गोठलेलं दिसतं ते ह्याच्यामुळे. असं दव गोठलेलं दिसलं म्हणून घाबरून धावपळ करू नका, घडाजवळचा आकडा बघा मग ठरवा.

बागेत काय होतं ते नीट समजून घ्या कारण उपाय त्याच्यावरच ठरतो. ऑक्टोबर छाटणी केली असेल तर आत्ता मण्यांची फुगवण चालू आहे किंवा पाणी उतरायला लागलंय, म्हणजे मणी मऊ पडून गोड व्हायला लागलेत. पारा सात-आठच्या खाली जाऊन राहिला की मुळी मंद होते, पांढरी मुळी अन्न उचलत नाही, फुगवण थांबते. तुम्ही खत सोडलं, फवारणी केली, काही दिसत नाही म्हणून परत केली, तर पैसे वाया, वेल झोपलेला आहे. दुसरं म्हणजे पिंक बेरी. थॉमसनसारख्या हिरव्या वाणात पाणी उतरताना रात्री खूप गार आणि दुपारी अठ्ठावीस-तीसचं ऊन असं पडलं की मण्यावर गुलाबी छटा येते, खायला काही वाईट नाही पण एक्स्पोर्टवाला तो घड घेत नाही. त्यासाठी पाणी उतरायच्या सुरुवातीलाच घडांना पेपर लावतात, मजुरी लागते, पण गुलाबी झाल्यावर लावून उपयोग शून्य. तिसरं तडकणं. गारठ्याने मण्याची साल ताठर होते आणि आतून पाण्याचा दाब वाढला की मणी उकलतो, एक मणी उकलला की रस सुटतो, चिलटं येतात, कूज पसरते, सगळा घड जातो.

शेकोट्यांबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथे मेहनत सगळ्यात जास्त वाया जाते. रात्री अकराला पेटवून झोपायचं, पहाटे तीनपर्यंत राख, आणि खरा गारठा चारनंतर. शेकोटी पेटवायची ती तीन-साडेतीनला आणि ऊन बागेवर पडेपर्यंत जागती ठेवायची, माणूस लागतो त्याला. दुसरं, एक मोठा जाळ करू नका, बागेच्या बाजूने आणि मधल्या रस्त्यांवर लहान लहान पुष्कळ करा. मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर उसळते आणि वरच्या थराच्या पलीकडे निघून जाते, लहान शेकोट्यांची ऊब त्या थराखालीच फिरत राहते आणि घडांना मिळते. धुराचा जाड पडदा दिसला की लोकांना बरं वाटतं पण काम ऊब करते, धूर फारसं नाही, तेव्हा ओला पाला घालून नुसता धूर काढण्यात अर्थ नाही. वाळलेल्या काड्या, गोवऱ्या, लाकडाचे ओंडके चालतात. टायर, प्लॅस्टिक अजिबात जाळू नका, काजळी मण्यावर बसते, ती मण्यावरचा मेणासारखा पांढरट थर घालवल्याशिवाय निघत नाही, आणि तो धूर तुमच्याच घरात जातो.

पाण्याचं असं, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पहाटे हवेपेक्षा कितीतरी उबदार असतं, हात घालून बघा वाफ निघते. ड्रिपने पहाटे थोडं थोडं द्या. ओली, दबलेली जमीन दिवसा ऊब जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते, नांगरलेली भुसभुशीत कोरडी माती ते करू शकत नाही, म्हणून थंडीच्या लाटेत बागेत रोटर मारू नका. पण पाणी उतरलेल्या बागेत थंडीच्या नावाखाली तासन्‌तास ड्रिप चालू ठेवला तर मणी तडकणारच, तिथे हात आखडता हवा. आणि ढग आले, पारा वर गेला म्हणून निश्चिंत होऊ नका, आभाळाबरोबर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते आणि अवकाळी आला तर थंडीपेक्षा मोठं नुकसान करतो, २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट निफाडकर विसरलेले नाहीत. भुरीसाठी सल्फर मारणार असाल तर गारठ्यात ते नीट काम करत नाही, दव सुकून हवा तापल्यावर मारा, आणि एक्स्पोर्टचा प्लॉट असेल तर काढणीआधी किती दिवस फवारणी बंद करायची ते लेबलवर बघूनच.

बाकी पिकांचं बोलायचं तर गहू-हरभऱ्याला हीच थंडी सोन्यासारखी, गव्हाला फुटवे ह्याच गारठ्यावर येतात. उन्हाळ कांद्याच्या लागणी ह्याच दिवसांत चालतात, बायका सकाळी सातला गार चिखलात वाकलेल्या असतात, त्यांना आधी चहा आणि थोडं ऊन चढल्यावर काम, एवढं मालकाने बघावं.

आता उत्तरायण. सूर्य दक्षिणेकडे जायचा थांबून उत्तरेकडे वळतो ते २१-२२ डिसेंबरलाच, डोळ्यांनी दिसतं, सूर्योदयाची जागा एका खांबावरून रोज बघा. आणि संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश, पण आपलं पंचांग ही रास ताऱ्यांच्या हिशोबाने मोजतं, निरयन पद्धतीने. पृथ्वीचा आस अतिशय सावकाश डुलतो त्यामुळे ताऱ्यांचा हिशोब आणि ऋतूंचा हिशोब ह्यांच्यात साधारण ७०-७२ वर्षांत एक दिवसाचं अंतर पडत जातं. सतराशे-साडेसतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी यायचे, तेव्हा संक्रांत म्हणजेच उत्तरायण होतं, आज चोवीस-पंचवीस दिवसांचं अंतर पडलंय. पटत नसेल तर स्वामी विवेकानंदांची जन्मतारीख बघा, १२ जानेवारी १८६३, त्या दिवशी संक्रांत होती. आता ती १४-१५ जानेवारीला येते. तेव्हा सूर्य विचाराल तर २१ डिसेंबर, पंचांग विचाराल तर संक्रांत, दोन्ही आपापल्या मोजमापाने बरोबर.

पण मला जे मनापासून सांगायचंय ते हे, की संक्रांत सरकत सरकत नेमकी आपल्या सगळ्यात गार दिवसांत येऊन बसलीय, आणि आपल्या घरात ह्या महिन्यात जे शिजतं ते थंडीच्या बरोबरीने चालतं. १६ डिसेंबरच्या आसपास सूर्य धनु राशीत जातो तिथून संक्रांतीपर्यंत धुंधुरमास. सूर्य उगवायच्या आत मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत, गूळ असा नैवेद्य दाखवून गरम गरम जेवायचं. शहरात आता एखाद्या रविवारी करतात. आमच्याकडे बागेत शेकोटीवर माणसं असतातच, चूल पहाटे चारला पेटलेलीच असते, पहिली भाकरी शेकोटीवरच्या माणसाला जाते. ह्याच थंडीत आधी चंपाषष्ठी होऊन जाते, ओझरला खंडोबाची यात्रा, बारा गाडे ओढतात, भरीत-रोडग्याचा नैवेद्य, चातुर्मासात बंद केलेलं वांगं तिथून परत ताटात. मग पौष पौर्णिमेला नैताळ्याला मतोबा महाराजांची यात्रा आणि मालेगावकडे चंदनपुरीला खंडोबाची. ह्या सगळ्या जत्रा ऐन गारठ्यात, उघड्यावर, तरी गर्दी कमी होत नाही.

भोगीची भाजी मात्र नीट करा दादा, मिसेसना किंवा आजींना विचारून, किंवा स्वतः करा. बाजारातून सोललेल्या मिक्स भाजीचं पाकीट आणून ती होत नाही. पावट्याचे दाणे, घेवडा, ओला हरभरा, मटार, ओल्या भुईमुगाचे दाणे, गाजर, लहान काटेरी वांगी, दोन-चार बोरं, सगळं त्या आठवड्यात आजूबाजूच्या वावरात निघालेलं हवं. तेलात मोहरी-जिरं तडतडलं की तीळ टाका, ते उडायला लागले की आधी पावटा-हरभरा-शेंगदाणे, झाकणावर पाणी ठेवून अर्धवट शिजू द्या, मग वांगी-गाजर, बोरं शेवटी नाहीतर आंबटपणा सगळीकडे उतरतो. काळा मसाला, मीठ, थोडा गूळ आणि भाजून कुटलेल्या तिळाचं कूट, हे कूटच रस्सा धरून ठेवतं. बरोबर बाजरीची भाकरी, थापतानाच वरून तीळ दाबायचे, आणि लोण्याचा गोळा. तीळ, शेंगदाणे, लोणी, बाजरी, म्हणजे सगळं स्निग्ध आणि पोटाला धरून ठेवणारं, कोरड्या हवेने ओठ-टाचा फुटतात त्या दिवसांतलं. "न खाई भोगी तो सदा रोगी" म्हणतात ते उगाच नाही.

सुगडात आपण काय भरतो तेही लक्ष देऊन बघा. गव्हाची ओंबी, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, बोरं, गाजर, शेंगा, तीळ. हे आत्ता वावरात काय कुठे आलंय त्याची यादीच आहे. वेळेवर पेरलेला गहू तेव्हा नुकता निसवलेला असतो, ओंबी हातात घेतली तर मऊ लागते, दाणा भरलेला नसतो. ज्या वर्षी सुगडासाठी ओंबी शोधावी लागते त्या वर्षी पेरण्या लांबल्या हे कळतंच. काळी साडी-काळं झबलं हे पण ह्याच दिवसांत शोभतं, एरवी सणाला काळं नको म्हणणारी माणसं संक्रांतीला काळं नेसायला लावतात, काळा रंग ऊन जास्त धरतो. येवल्याला पतंग तर भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस, आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, हातात धरून म्हातारी माणसं सुद्धा गच्चीवर. पतंग उडवा, फक्त नायलॉन मांजा घेऊ नका, बंदी आहे आणि नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात ह्याच महिन्यात लांबून आलेले पक्षी असतात, त्यांचे पंख कापले जातात, मोटारसायकलवाल्यांचे गळे कापले जातात.

बागेवरची नजर संक्रांतीला एकदम काढू नका, थोडी सैल करा. तीळ तीळ दिवस वाढतो म्हणतात तसं जानेवारीच्या शेवटाला दुपार तापायला लागते, पण फेब्रुवारीतही उत्तरेची एखादी लाट येऊन जाते. आमच्याकडे रथसप्तमीला अंगणात गोवरीवर दूध उतू घालवतात, तोपर्यंत मी शेकोटीचं सरपण बांधून ठेवलेलं असतं, नंतर उरलेलं घरी आणते. होळी जळाली, थंडी पळाली, हे शेवटचं.

आता त्र्यंबकची वारी. पौष वद्य एकादशी, षट्‌तिला एकादशी, निवृत्तिनाथांची यात्रा. २०२६ ला ही एकादशी आणि संक्रांत एकाच दिवशी आली, १४ जानेवारीला, पण दरवर्षी तसं नसतं, तिथी बघून घ्या, कधी जानेवारीच्या शेवटाला किंवा फेब्रुवारीतही जाते. जरूर जा. आमच्या गावची दिंडी जाते, पहाटे निघायच्या वेळेला रस्त्यावर धुकं, टाळांचा आवाज आधी येतो आणि माणसं नंतर दिसतात. त्र्यंबक नाशिकपेक्षा उंचावर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, तिथला गारठा ओलसर आणि जास्त बोचरा. एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा पातळ थर दोन-तीन घाला, दुपारी उन्हात काढता येतात. कान आणि छाती झाकलेली हवी, पायमोजे कोरडा एक जोड वेगळा पिशवीत. मुक्काम उघड्या मंडपात असेल तर खाली ताडपत्री, तिच्यावर गोधडी, गार खालूनच जास्त लागतं. कुशावर्तावर स्नान करायचं असेल तर ऊन आल्यावर करा, बीपी-दम्याचा त्रास असेल तर हातपाय धुवून दर्शनाला जा, निवृत्तिनाथ काही म्हणणार नाहीत. उपास असला तरी शेंगदाण्याचा लाडू, राजगिरा, गरम दूध पोटात जाऊ द्या. आणि दोन दिवस बाहेर असाल त्या रात्री शेकोटी आणि ड्रिप कोण बघणार ते आधी ठरवून, माणसाला पहाटे तीनची वेळ नीट सांगून मगच निघा.